मूळ प्रत आणि बदललेली प्रत : कीटकांतील आर.एन.ए.-संपादन



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. यात त्यांचे काही चुकले नाही. माझी शाळा नववीत सुटली. विज्ञानाची पदवी सोडाच, प्रयोगशाळेचा उंबरठाही मी विद्यार्थी म्हणून ओलांडलेला नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या गाडीत आणि वाचनालयात वाचले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे प्रतिपादन नव्हे. एका वाचकाने दुसऱ्या वाचकांना सांगितलेली ही हकीकत आहे, अशा भावनेने ती ऐकावी.

परंतु या विषयाकडे मी वळलो कसा, हे आधी सांगितले पाहिजे. १९८६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामाला लागलो. केसमधून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये बसवायचा, ओळी गॅलीत उतरवायच्या, प्रूफ काढायचे आणि ते मुद्रितशोधकाकडे द्यायचे. आमचे मुद्रितशोधक वृद्ध गृहस्थ होते. एका अक्षराने काय उलथापालथ होते ते मी त्यांच्यापाशी शिकलो. ‘मजूर’ या शब्दावर एक टिंब पडले की ‘मंजूर’ होते. ते टिंब पडावे म्हणून पुढे आम्ही सारे कामगार त्याच छापखान्याच्या दारात बारा दिवस बसून होतो, ही गोष्ट वेगळी!

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचले की, जिवंत पेशीतही मूळ प्रत असते, तिच्यावरून कामाची प्रत निघते आणि त्या कामाच्या प्रतीत मधल्यामध्ये अक्षरे बदलली जातात. या क्रियेला शास्त्रज्ञांनी ‘संपादन’ असेच नाव दिले आहे. आणि ते नाव रूढ झाले तेही १९८६ सालीच. हा केवळ योगायोग. पण छापखान्यात वाढलेल्या माणसाला एवढा योगायोग पुरे होतो.

आता थोडी पायाभूत माहिती. ती सर्वांना ठाऊक असेल त्यांनी क्षमा करावी.

प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाच्या लांबलचक धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. या मजकुरातील एकेका उपयोगी परिच्छेदाला जनुक म्हणावे. हा मूळ ग्रंथ पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद राहतो. काम करावयाचे असले की त्या परिच्छेदाची नक्कल आर.एन.ए. या दुसऱ्या पदार्थात काढली जाते. या नकलेतली अक्षरे ए, यू, जी आणि सी. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तेथे तीन तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचून प्रथिन गुंफले जाते. कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ कोणते अ‍ॅमिनो आम्ल, हा कोश उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खोराना होते. मुलतानकडच्या एका खेड्यातील पटवाऱ्याच्या या मुलाला १९६८ साली निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

खोराना यांच्या कोशाप्रमाणे एखादे जनुक वाचले की त्याचे प्रथिन कसे असेल ते तंतोतंत सांगता यावे. पुष्कळदा तसे सांगता येतेही. पण काही ठिकाणी हिशेब जुळेना. १९८६ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे रॉब बेन्ने व त्यांचे सहकारी ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीचा अभ्यास करीत होते. त्याच्या आर.एन.ए.च्या प्रतीत मूळ जनुकात नसलेली अक्षरे त्यांना सापडली. पुढल्या दोन वर्षांत बेडकाच्या अंड्यांवर काम करणाऱ्यांना एक विकर आढळले. ते दुहेरी आर.एन.ए.मधल्या ‘ए’ अक्षराचे रूप पालटून त्याचे इनोसिन नावाचे वेगळेच अक्षर करीत होते. प्रथिन गुंफणारी यंत्रणा हे इनोसिन ‘जी’ म्हणून वाचते. म्हणजे मूळ ग्रंथात ‘ए’, आणि कारखान्यात वाचला जातो ‘जी’. ‘ए-ए-सी’ या शब्दाचा अर्थ अ‍ॅस्पॅराजिन; पहिले अक्षर पालटले की तो ‘जी-ए-सी’ होतो आणि त्याचा अर्थ अ‍ॅस्पार्टिक आम्ल. प्रथिनातली एक कडी बदलली. हे काम करणाऱ्या विकराला ‘एडार’ म्हणतात. आज मी बोलणार आहे तो याच एडारविषयी, आणि तोही कीटकांतल्या.

येथे छापखान्याची उपमा थोडी सावधपणे वापरली पाहिजे. मुद्रितशोधक अर्थ समजून वाचतो. एडारला अर्थ कळत नाही, त्याला फक्त आकार कळतो. आर.एन.ए.चा धागा स्वतःवरच दुमडला जाऊन त्याची दुपदरी घडी पडली, तर त्या घडीला एडार चिकटतो आणि तेथला ‘ए’ पालटतो. मौज अशी की, ही घडी पाडणारा दुसरा पदर पुष्कळदा मजकुराच्या अशा भागात असतो की जो शेवटी कापून टाकला जातो. आमच्याकडे हस्तलिखिताच्या समासात जुळाऱ्यासाठी खुणा असत. त्या छापावयाच्या नसत, पण त्यांच्यावाचून पान बरोबर लागत नसे. तसेच हे. म्हणून संपादन घाईने, तो भाग कापला जाण्यापूर्वीच, उरकावे लागते.

दुसरी गोष्ट, येथे मूळ प्रत चुकलेली असते असे नाही. मूळ अर्थाचे प्रथिन आणि बदललेल्या अर्थाचे प्रथिन, दोन्ही चालू शकतात. आणि संपादन सगळ्या प्रतींवर होतेच असे नाही. एखाद्या ठिकाणी शंभरातल्या दहा प्रती बदलतात, दुसऱ्या ठिकाणी नव्वद. मेंदूत एक प्रमाण, इतरत्र दुसरे. अळीत थोडे, प्रौढ माशीत अधिक.

आता आपण माशीकडे येऊ. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ती लहानशी माशी, ड्रॉसोफिला. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी दिसली, आणि तेव्हापासून आनुवंशिकीचे निम्मेअधिक शास्त्र या माशीच्या पंखांवर उभे राहिले. दहाएक दिवसांत अंड्याची माशी होते. तिच्या मेंदूतल्या सगळ्या चेतापेशींचा नकाशा २०२४ साली पुरा झाला, तेव्हा त्या सुमारे १ लाख ४० हजार भरल्या.

सस्तन प्राण्यांत एडारची एकाहून अधिक जनुके आहेत. कीटकांच्या वंशात त्यांपैकी एक शाखा लोप पावली आणि एकच उरली. त्यामुळे माशीत प्रश्न सरळ विचारता येतो, की हे एक जनुक काढून टाकले तर काय होईल? २००० साली अमेरिकेत रॉबर्ट रीनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. अपेक्षा अशी की माशी मरेल. ती मेली नाही. अंडे, अळी, कोश आणि प्रौढ माशी या साऱ्या पायऱ्या तिने पार केल्या. बाहेरून पाहता अंगावर एक उणे नाही. पण तिला नीट चालता येईना. ती थरथरे, स्वतःचे अंग पुनःपुन्हा साफ करीत बसे, ऊब वाढली की लुळी पडे. नर मादीच्या मागे जाईना. आणि वय वाढले तसा मेंदू आतून झिजू लागला. म्हणजे शरीर उभे करण्यासाठी नव्हे, तर उभ्या राहिलेल्या शरीराचे व्यवहार चालवण्यासाठी संपादनाची गरज होती. पुढे २०११ साली असेही प्रसिद्ध झाले की, अशा माशीत माणसाच्या एडारांपैकी तिच्या एडारशी जुळणारे जनुक घातले तर तिची चाल पुष्कळशी सुधारते. माणूस आणि माशी यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. तरीही एकाचा मुद्रितशोधक दुसऱ्याच्या छापखान्यात चालतो!

ऊब वाढली की लुळी पडणारी माशी या विषयात नवी नव्हती. १९७१ साली कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या मंडळींना अशी एक जात मिळाली होती. सुमारे २९ अंशांवर ती क्षणात कोसळे, आणि गारवा मिळताच उठून चालू लागे. तिला ‘पॅरा’ असे नाव पडले. या माशीच्या चेतातंतूंत नेमके काय अडते, यावर १९७६ साली सीमूर बेंझर यांच्यासमवेत शोधनिबंध लिहिणारे शास्त्रज्ञ म्हणजे ओबेद सिद्दीकी. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्राचे काम ज्यांनी उभे केले, तेच हे. पॅरा हे चेतापेशीच्या भिंतीतील सोडियमच्या दाराचे जनुक आहे, हे पुढे कळले. चेतनेची लहर धावते ती ही दारे क्षणभर उघडून मिटल्यामुळे. आणि २००० साली दिसून आले की, याच पॅराच्या प्रतीत एडार अक्षरे पालटतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या झुरळाच्या सोडियम-दारांतही संपादन होते आणि त्यामुळे दार उघडण्याची रीत बदलते, असेही आढळले आहे.

माशीत अशी ठिकाणे किती? २०११ सालच्या एका मोठ्या पाहणीत ५९७ जनुकांत ९७२ ठिकाणे नोंदली गेली, आणि नंतरच्या पाहण्यांत ही संख्या वाढतच गेली. महत्त्वाचे हे की, प्रथिनाचा अर्थ बदलणारी ठिकाणे चेतासंस्थेच्या जनुकांत दाटीने आढळतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची दारे, तसेच एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी यंत्रणा, यांत ती विशेष आहेत. डिल्ड्रिन या कीटकनाशकाला न जुमानणाऱ्या माश्यांवरून ‘आर.डी.एल.’ नाव पडलेले जनुक त्यांपैकीच. ते चेतनेला लगाम घालणाऱ्या दाराचे जनुक आहे. त्याच्या प्रतीत अनेक ठिकाणी संपादन होते, आणि त्यामुळे दाराची संवेदनशीलता बदलते, इतकेच नव्हे तर काही कीटकनाशकांचा त्याच्यावरील परिणामही बदलतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

यांतली सर्वांत मजेची गोष्ट अशी की, माशीचा एडार स्वतःच्याच जनुकाच्या प्रतीतही एक अक्षर पालटतो. त्या बदलाने तयार होणारा एडार कमी जोमाचा असतो. म्हणजे काम फार होऊ लागले की काम करणारा आपोआप मंदावतो. २०१२ साली ही स्वयंदुरुस्ती बंद केलेल्या आणि कायम चालू ठेवलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या माश्या तयार करून पाहिल्या. दोहोंत इतर जनुकांचे संपादन बिघडले आणि वागणेही पालटले.

आता मुख्य प्रश्न. हे सारे निसर्गाच्या निवडीने, उपयोगासाठी म्हणून, टिकवले आणि वाढवले आहे का? की हा एक चाळा आहे, जो कधीतरी सुरू झाला आणि अंगवळणी पडला? या प्रश्नावर शास्त्रज्ञांत चांगलाच वाद आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे युनियनच्या कामात मी फार उशिरा शिकलो. म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

उपयोगाच्या बाजूचा पहिला पुरावा २००३ सालचा. जनुकातल्या तीन अक्षरी शब्दाचे तिसरे अक्षर पुष्कळदा बदलले तरी अर्थ तोच राहतो. म्हणून काळाच्या ओघात ही तिसरी अक्षरे घसरत जातात. ड्रॉसोफिलाच्या दोन दूरच्या जाती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी अशी घसरण दिसली. पण काही लहान पट्ट्यांत एकही अक्षर हललेले नव्हते, तिसरी अक्षरेसुद्धा नाहीत. रीनन यांच्या मंडळींनी ओळखले की, तेथे केवळ अर्थ सांभाळून भागत नाही, घडीचा आकारही सांभाळावा लागतो. त्यांनी अशा पट्ट्यांत शोध घेतला आणि संपादनाची नवी ठिकाणे सापडली. कोट्यवधी वर्षे कोणी ज्याला हात लावला नाही, ते निरुपयोगी कसे म्हणावे?

दुसरा पुरावा मोजणीचा. एडारला अर्थ कळत नाही, हे मी सांगितलेच. मग त्याने पालटलेल्या अक्षरांत अर्थ बदलणारी किती आणि न बदलणारी किती असावीत, याचे एक अपेक्षित प्रमाण काढता येते. अर्थ बदलणारे पालट हानिकारक असतील तर निवड ते पुसून टाकील आणि ते अपेक्षेपेक्षा कमी दिसतील. उपयोगी असतील तर अपेक्षेपेक्षा जास्त दिसतील. २०१६ साली ड्रॉसोफिलाच्या अनेक जातींची अशी मोजणी प्रसिद्ध झाली. पुष्कळ पालट निवडीने पुसले जातात, हे तीत दिसले. पण चेतासंस्थेच्या जनुकांत अर्थ बदलणारे पालट अपेक्षेहून अधिक टिकले आहेत, हेही दिसले. छाननी आणि बढती, दोन्ही चालू आहेत.

तिसरा पुरावा हवामानाचा. दुपदरी घडी उष्णतेने सैल होते, म्हणून तपमान बदलले की संपादनाचे प्रमाणही बदलते. माशीला स्वतःची ऊब नसते. सकाळ, दुपार, उन्हाळा, हिवाळा हे सारे तिच्या चेतातंतूंना सोसावे लागते. इस्राएलमध्ये कार्मेल पर्वतात एक अरुंद दरी आहे. तिचा एक उतार दक्षिणेकडे तोंड करून उन्हात तापलेला आणि रखरखीत, तर दुसरा गार, दमट आणि झाडीचा. तळाशी दोहोंत अंतर जेमतेम शंभर मीटर. दोन्ही उतारांवरच्या माश्या पकडून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. डझनावारी ठिकाणी दोन्हीकडच्या माश्यांत संपादनाचे प्रमाण वेगळे निघाले. त्यातला काही फरक मूळ ग्रंथातील लहान बदलांमुळे होता. एका जनुकाच्या बाबतीत, कापून टाकल्या जाणाऱ्या भागातले एकच अक्षर बदलून संशोधकांनी ते सिद्धही केले. लक्षात घ्या, प्रथिनाचा मजकूर तोच. समासातली खूण बदलली आणि संपादनाचे प्रमाण बदलले.

याच्या मुळाशी युक्तिवाद असा आहे. मूळ ग्रंथात बदल झाला तर तो शरीरभर, जन्मभर आणि सर्व प्रतींत होतो. संपादनाने मात्र मेंदूत एक आणि इतरत्र दुसरे, तरुणपणी थोडे आणि पुढे अधिक, असे कमीजास्त करता येते. जेथे एकच नियम सर्वांना लावून चालत नाही, तेथे अशी सोय उपयोगी पडते. पटण्यासारखा युक्तिवाद आहे.

आता दुसरी बाजू. तिचा आधार उंदरावरील एक प्रयोग आहे. उंदराच्या मेंदूत ग्लुटामेट या पदार्थाला ओळखणाऱ्या प्रथिनात एके ठिकाणी जवळजवळ सर्व प्रतींचे संपादन होते. ते होऊ दिले नाही तर पिल्लांना झटके येतात आणि ती तीनएक आठवड्यांत मरतात. यावरून वाटेल की हे संपादन म्हणजे केवढी थोर सुधारणा! पण मूळ ग्रंथातच बदललेले अक्षर छापून टाकले तर उंदीर निरोगी राहतात. मग संपादनाचा विशेष लाभ तो कोणता? मूळ प्रत बिघडू शकली ती संपादक होता म्हणून, असे तर नसेल?

हा मुद्दा मला छापखान्यामुळे चटकन उमगला. आमच्या मुद्रितशोधकांची नजर इतकी तयार होती की, त्यांच्या भरवशावर आम्ही जुळारी हळूहळू ढिले झालो. ‘पाहतील ते’ असे म्हणून खिळे उचलू लागलो. वर्षभरात अशी पाळी आली की, ते एक दिवस रजेवर गेले तर छापखाना बंद ठेवावा लागे. यावरून ते अपरिहार्य होते हे सिद्ध होते. पण त्यांच्यामुळे पुस्तके पूर्वीपेक्षा चांगली निघू लागली, हे सिद्ध होत नाही. अपरिहार्यता आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (त्यांना काढता येत नव्हते, हे युनियनला सोयीचे होते, हे मी कबूल करतो.) माणसाच्या जनुकांतील अर्थ बदलणारे बहुतेक संपादन असे निरुपयोगीच आहे, असा निष्कर्ष २०१४ साली मोजणीनेच काढला गेला. नळ व ऑक्टोपस यांच्यासारख्या सागरी प्राण्यांत तर संपादनाची ठिकाणे अफाट आहेत, पण त्यांच्याविषयीही असाच वाद आहे.

मग निकाल काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे असा : संपादन आहे म्हणून ते उपयोगीच असले पाहिजे, असे मानू नये. प्रत्येक प्राण्याचा, किंबहुना प्रत्येक ठिकाणाचा, खटला वेगळा चालवावा. आणि तसा तो चालवला, तर माशीच्या चेतासंस्थेपुरता अनुकूलनाचा पुरावा भक्कम आहे.

श्रोतेहो, आता मी माझ्याच एका चुकीची कथा सांगणार आहे. खरे म्हणजे ती सांगावी म्हणूनच हा विषय निवडला.

पाने कापून नेणाऱ्या मुंग्यांच्या एका जातीवर २०१४ साली एक शोधनिबंध आला. या मुंग्यांत राणी होणाऱ्या माद्या, मोठ्या कामकरी आणि लहान कामकरी असे भेद असतात आणि ते एकाच प्रकारच्या जनुक-ग्रंथातून घडतात. त्यांच्या डोक्यांतील आर.एन.ए. तपासले तेव्हा सुमारे ८०० जनुकांत ११,००० संपादनाची ठिकाणे मिळाली, आणि त्याच ठिकाणी संपादनाचे प्रमाण वर्गावर्गांत वेगळे निघाले. त्यानंतर २०१९ साली भुंगामाशीवर, म्हणजे युरोपातील केसाळ मधमाशीच्या एका जातीवर, दुसरा निबंध आला. एकाच राणीच्या मुली, सख्ख्या बहिणी. पण कोणी पिल्ले सांभाळते, कोणी फुलांवर जाते. तेथे मेंदूतील संपादन आणि कामाचा प्रकार यांचा संबंध दिसला.

हे वाचून मला किती आनंद झाला ते आपणांस सांगता येणार नाही. जन्मभर मी एकच वाक्य ऐकत आलो आहे : ‘यांच्या रक्तातच नाही.’ मुकादम म्हणे, साहेब म्हणे, कधीकधी आमचीच माणसे आपल्या मुलांविषयी म्हणत. जुळाऱ्याचा मुलगा जुळारीच होणार, झाडूवाल्याचा झाडूवालाच. आणि येथे तर एका ग्रंथातून राणीही होते आणि कामकरीही! दुसऱ्या दिवशी एका कारखान्याच्या दारसभेत मी ठोकून दिले, “बंधूंनो, विज्ञानाने सिद्ध केले आहे की काम मेंदू घडवते! जन्म नव्हे, काम!” टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर आमच्या एका सभासदाची मुलगी माझ्याकडे आली. ती तेव्हा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकत होती. म्हणाली, “काका, तो भुंगामाशीचा निबंध तुम्ही पुरा वाचलात का? संबंध दुर्बळ आहे, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. आणि कामामुळे संपादन बदलले, की संपादन बदलले म्हणून काम बदलले, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे, हे त्यात ठरलेले नाही. शिवाय मुंग्यांचे वर्ग पोसण्यावर ठरतात, युनियनवर नाही.” मी घरी जाऊन पुन्हा वाचले. तिचे शब्द न् शब्द खरे होते. पुढच्या दारसभेत मी उभा राहून माझे विधान मागे घेतले. टाळ्या पडल्या नाहीत.

हे मागे घेणे मला इतके महत्त्वाचे का वाटले? कारण आमच्या चळवळीच्या इतिहासात ही चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. सोव्हिएत रशियात लायसेंको याने असे प्रतिपादले की, परिस्थितीने घडवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि जनुकांचे शास्त्र हे भांडवलदारांचे थोतांड आहे. राज्यकर्त्यांना ते सोयीचे वाटले. १९४८ साली तेच अधिकृत मत ठरले. त्याआधीच, पिकांच्या वाणांचा जगभर संग्रह करणारे थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाविलॉव्ह १९४० साली पकडले गेले आणि जानेवारी १९४३ मध्ये साराटॉव्हच्या तुरुंगात मरण पावले. जे.बी.एस. हॉल्डेन हे कामगारांच्या ‘डेली वर्कर’ या पत्रात विज्ञानावर शेकडो लेख लिहिणारे. ते १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. मी विज्ञान वाचू लागलो तो त्यांच्या लेखांमुळे. पण लायसेंकोच्या प्रश्नावर एवढा मोठा माणूसही काही काळ स्पष्ट बोलला नाही. आपल्या बाजूचे आहे म्हणून खरे मानावे, हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. मग माझ्यासारख्याची काय कथा!

आर.एन.ए.-संपादनात तर हा मोह विशेष. म्हणून शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एडारने पालटलेले अक्षर मूळ ग्रंथात परत जात नाही. कामाची प्रत वापरली जाते आणि मोडून पडते. माशीच्या प्रत्येक पिढीला, प्रत्येक चेतापेशीला, ते संपादन नव्याने करावे लागते. वारशाने मिळते ती एडार तयार करण्याची कृती आणि घडी कोठे पडावी याच्या खुणा. त्या खुणांत आकस्मिक बदल होतात आणि निवड त्यांतून वेचते. कार्मेलच्या दरीत घडले ते हेच. लायसेंकोला येथे जागा नाही.

मग ‘रक्तातच नाही’ म्हणणाऱ्या मुकादमाला उत्तर काय? ते उत्तर मुंगीकडून उसने घेण्याची गरज नाही, हे मला त्या मुलीने शिकवले. माणसाच्या मुलाला शाळा मिळाली तर तो काय करतो, हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. खुद्द खोराना पटवाऱ्याचे चिरंजीव होते. आमची मागणी न्याय्य आहे ती न्यायामुळे. उद्या एखाद्या शोधनिबंधाचा निष्कर्ष उलटला तर ती अन्याय्य ठरता कामा नये.

मात्र कीटकांनी मला एक गोष्ट जरूर दिली. ‘मूळ ग्रंथात जे आहे तेच होणार’ हे वाक्य माशीच्या बाबतीतसुद्धा पुरे खरे नाही. ग्रंथ आणि जीवन यांच्यामध्ये प्रत असते, घडी असते, ऊन असते, वय असते आणि न थकता अक्षरे पालटणारा एक कामगार असतो. तो कामगार काढून घेतला तर माशी उभी राहते, पण तिला चालता येत नाही. एवढे ज्ञान मिळवण्यासाठी शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून, एकमेकांचे निष्कर्ष निर्दयपणे तपासून, माशीच्या मेंदूतली अक्षरे मोजली. त्या मेहनतीपुढे मी, एक जुना जुळारी, आदराने नमस्कार करतो.